मृत्यूचा दाखला: आधी नोंद कुठे होणार ते नक्की करा

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील गणपतीला गावी आले होते, राजापूर तालुक्यातलं गाव. गौरी-गणपती पाण्यात गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे छातीत कळ आली, शेजाऱ्याच्या गाडीतून तालुक्याला हॉस्पिटलात नेलं, तिथे डॉक्टर म्हणाले पोचायच्या आधीच गेले. परत गावाला आणून अग्नी दिला, तेरावं उरकून मुलगा नालासोपाऱ्याला गेला. आता बँक दाखला मागते. ग्रामपंचायत म्हणते हॉस्पिटलातून आणा, हॉस्पिटल म्हणतं आमच्याकडे वारलेच नाहीत. १७ दिवस झालेत. शिवाय आजोबा पण अजून सातबाऱ्यावर आहेत, त्यांचा दाखला तर कोणाकडेच नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात २९ वर्षं ग्रामसेवक आणि शेवटी ग्रामविकास अधिकारी म्हणून काढली, गुहागर, दापोली, राजापूर सगळीकडे. जन्म-मृत्यूचं रजिस्टर कायम माझ्या हाताखाली असायचं त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तरी पूर्ण वाचा कारण तुमच्याकडे चारच दिवस आहेत.

पहिली गोष्ट, लोक दाखला दाखला करतात पण दाखला ही नुसती नक्कल आहे हो, खरी वस्तू म्हणजे नोंद. नोंद बरोबर झाली तर दाखला आज मिळेल, वीस वर्षांनी पण मिळेल, हरवला तरी परत मिळेल. नोंदच नसेल किंवा चुकीच्या नावाने असेल तर मग तुम्ही कितीही खेपा घाला, समोरचा माणूस चांगला असला तरी काही करू शकत नाही. म्हणून कोणाच्या घरी असं झालं की मी पहिलं विचारतो, नोंद कुठे झाली आणि काय नावाने झाली.

कुठे, याचं उत्तर कायद्यात एकच आहे. माणूस जिथे वारला तिथे. राहायला कुठे होता, मतदार यादीत कुठे होता, अग्नी कुठे दिला याचा संबंध नाही. आपल्याकडे कोकणात इथेच सगळा घोळ होतो कारण आपला माणूस तीन ठिकाणी विभागलेला असतो, घर गावाला, रेशनकार्ड मुंबईला आणि शेवटचं दुखणं तिसरीकडेच. केईएमला वारला आणि गावी आणून जाळला तरी नोंद मुंबई महापालिकेच्या एफ साऊथ वॉर्डात. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं बांबोळीला नेतात, तिथे काही झालं तर नोंद गोव्यात. राजापूर-लांज्याकडचा पेशंट कोल्हापूरला नेला आणि गेला तर नोंद कोल्हापुरात. आणि त्या दाखल्यावर गोवा लिहिलंय म्हणून तलाठी नाही म्हणू शकत नाही, तो देशभर चालतो. कितीतरी लोक मला सांगायचे, भाऊ तिकडची झालीये पण गावच्या रजिस्टरला पण एक घालून ठेवा, बरं पडेल. अजिबात नको! एका माणसाच्या दोन नोंदी झाल्या की त्यात तारखेचा एक दिवस जरी मागेपुढे झाला तरी एक रद्द करून घेईपर्यंत वारस बसून राहतात.

आता तुमचं. वाटेत गाडीत मृत्यू झाला तर नियम असा आहे की गाडी पहिल्यांदा जिथे थांबते तिथे खबर द्यायची. म्हणजे प्राण खरंच वाटेत गेला असेल आणि गाडी थेट हॉस्पिटलात थांबली असेल तर ते हॉस्पिटल ज्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे तिथल्या निबंधकाकडे (म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर ज्याच्याकडे असतं तो, गावात ग्रामसेवकच) नोंद. आणि घरीच माजघरात गेले होते, नेलं ते नुसतं मन मानत नव्हतं म्हणून, असं असेल तर गावची ग्रामपंचायत. हे फक्त तुमच्या घरचेच सांगू शकतात, त्यामुळे आईला आणि गाडीत जो बसला होता त्याला नीट विचारा, आणि जे खरं आहे तेच लिहा, सोयीचं लिहू नका. पुढे विमा असेल तर हॉस्पिटलचा कागद आणि तुमची नोंद एकमेकाशी जुळली पाहिजे. हॉस्पिटलातून केसपेपरची प्रत घ्या, त्यावर मृतावस्थेत आणले असं आणि वेळ लिहिलेली असते. पोस्टमार्टेम झालं असेल तर पोलिसांचे कागद पण. हे घेऊन निबंधकासमोर बसा. तरीही दोन्ही ऑफिसं एकमेकाकडे बोट दाखवत असतील तर तोंडी भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात साधं लिहा, अमुक तारखेला अमुक ठिकाणी मृत्यू झाला, खबर देत आहे, नोंद घ्यावी, घेता येत नसेल तर कारण लेखी द्यावं. माझ्या अनुभवात पोचेवर शिक्का मारायची वेळ आली की निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात.

मुदतीचं असं. मृत्यूपासून २१ दिवसांत खबर दिली तर काही फी नाही. २१ ते ३० मध्ये किरकोळ विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि कागद. वर्षाच्या वर गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात पूर्वी हा आदेश कोर्टातून, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून यायचा, २०२३ ला कायदा बदलला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते काम जिल्हाधिकारी, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेलं. ऐकायला सोपं झालं पण मार्च २०२५ च्या शासन निर्णयानंतर छाननी कडक आहे, जाहीर सूचना, पोलिसांचा अहवाल हे सगळं होतं. म्हणून म्हणतो २१ दिवसांचं महत्त्व समजून घ्या. आणि नोंद झाली की खबर देणाऱ्याला पहिला दाखला फुकट मिळतो, तो मागून घ्या, बरेच जण घेतच नाहीत. जास्तीच्या प्रती तेव्हाच दहा तरी काढा, पुढे बँक, एलआयसी, पीएफ, तलाठी, लाईट मीटर, घरपट्टी, सोसायटीचा फ्लॅट, प्रत्येकजण एक ठेवून घेणार.

ग्रामसेवक कधी भेटतो हे आधी फोन करून विचारा. एकेका माणसाकडे दोन-दोन तीन-तीन ग्रामपंचायतींचा चार्ज असतो, तो तुमच्या गावाला मंगळवारी आणि शुक्रवारीच येत असेल तर रात्रीच्या गाडीने बुधवारी पोचून काय उपयोग.

आता नाव. माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात, आणि यात माझ्या हातून पण एक चूक झालीये ती सांगतो.

नोकरीतलं दुसरंच वर्ष होतं. वाडीत एक गिरणी कामगार वारले, निवृत्त होऊन गावी आले होते. दुसऱ्या दिवशी पुतण्या खबर द्यायला आला, पायात चप्पल नाही, डोळे सुजलेले. नाव काय म्हटलं तर त्याने जे घरात हाक मारायचे ते सांगितलं, गाव त्यांना त्याच नावाने ओळखायचा, मी पण. मी तेच लिहिलं. पीएफच्या कागदावर नाव वेगळं. त्यांच्या बायकोची पेन्शन अडकली. ती बाई वाडीवरून दीड तास चालत माझ्या ऑफिसला यायची, पदराला बांधलेला तो दाखला सोडून माझ्यासमोर टेबलावर ठेवायची आणि काही न बोलता उभी राहायची. साधी दुरुस्ती निबंधक स्वतः करू शकतो हे तेव्हा मला माहीतच नव्हतं, मी वर मार्गदर्शन मागवलं आणि त्या पत्राचं उत्तर सात महिने आलं नाही. सात महिने ती बाई त्या पेन्शनशिवाय जगली. ते माझ्या मनाला अजून लागून आहे आणि त्यानंतर मी एकही नोंद आधारकार्ड किंवा जुना काहीतरी कागद समोर ठेवल्याशिवाय घेतली नाही, घरच्यांना राग आला तरी.

तर तुम्ही काय करायचं, खबरेचा फॉर्म भरायच्या आधी वडिलांचे सगळे कागद एका ठिकाणी पसरा. आधार, पॅन, पासबुक, सातबारा, पेन्शनचं काही असेल तर ते. आधारवर पार्वती आणि सातबाऱ्यावर पारबती, एकीकडे आडनाव सावंत आणि दुसरीकडे भोसले, बायकांचं तर माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि लग्नात बदललेलं नाव असे तीन प्रकार. आपल्या मुसलमान बांधवांच्यात स्पेलिंगचा हा त्रास फार होतो, इब्राहिम की इब्राहीम, इंग्रजीत तर चार तऱ्हा. मुख्य नाव आधारप्रमाणे ठेवा, आणि दुसरं नाव खरोखर कागदोपत्री चालत असेल तर उर्फ लावता येईल का ते निबंधकाला विचारा, पुरावा दाखवा. आई-वडिलांचं नाव, नवरा-बायकोचं नाव हे रकाने पण तितकेच नीट भरा, वारस लावताना तेच बघतात. ऑपरेटर कॉम्प्युटरवर टाईप करत असेल तर सही करायच्या आधी स्क्रीनवर वाचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, एकेक अक्षर. लाजू नका. तो कंटाळला तरी चालेल.

चूक झालीच तर काय? कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. लिहिण्यातली चूक असेल तर निबंधक खात्री करून दुरुस्त करतो, माहितीच चुकीची दिली असेल तर ज्यांना खरी गोष्ट माहीत आहे अशा दोन विश्वासू माणसांची प्रतिज्ञापत्रं लागतात. मूळ नोंद खोडत नाहीत, बाजूला समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख घालतात. तुम्हाला कोणी सांगत असेल की नवीन नोंद करून देतो तर त्याच्या नादाला लागू नका.

त्या फॉर्ममध्ये एक भाग असा पण असतो की तंबाखू खात होते का, विडी-सिगरेट, दारू, किती वर्षं. लोक घाबरतात, विम्यावाले धरतील म्हणून खोटं लिहितात. तो भाग आकडेवारीसाठी वेगळा काढतात, दाखल्यावर येत नाही. एवढंच काय मृत्यूचं कारणसुद्धा दाखल्यावर छापत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. म्हणून विमा कंपनी जेव्हा कारण मागते तेव्हा दाखला दाखवून भागत नाही, डॉक्टरचं कारणाचं प्रमाणपत्र लागतं, हॉस्पिटलात वारला तर नमुना ४ आणि घरी वारला व डॉक्टरचा औषधोपचार चालू होता तर ४ अ. उलटं पण आहे, डॉक्टरने दिलेली ती चिठ्ठी म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे, ती घेऊन लोक बँकेत जातात आणि परत येतात. दाखला म्हणजे निबंधकाच्या सहीचा नमुना ६, आता क्यूआर कोडवाला.

बँकेत गेलात की एक काम करा, वडिलांचं पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का ते बोट ठेवून शोधा. ४३६ म्हणजे जीवन ज्योती विमा, २० म्हणजे सुरक्षा विमा, दोन्हीला दोन-दोन लाख आहेत, पण २० रुपयेवाला फक्त अपघाताला आणि ४३६ वाला वयाच्या ५५ पर्यंतच. घरच्यांना हे माहीतच नसतं, बँक आपणहून सांगेलच असं नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या घरी माडावरून पडून, साप चावून, वीज पडून कोणी गेला असेल आणि घरात सातबारा असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, दोन लाखाची, तिथे ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात अर्ज जावा लागतो आणि दाखल्यासोबत पोलिसांचा पंचनामा, पोस्टमार्टेम लागतं. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी साप चावला की पोलिसांना न कळवता परस्पर अग्नी देतात, मग त्या बाईला काहीच मिळत नाही. जीव गेलेला असताना पोस्टमार्टेम नको वाटतं हे मी समजू शकतो, पण मागे राहिलेल्यांचा विचार करून ते होऊ द्या.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी एक वेगळंच दुःख आहे ते लिहितो, कारण याची माहिती कोणी देत नाही. होडीवरून खलाशी पडला, मिळालाच नाही. घरी बायको, दोन मुलं. प्रेत नाही म्हणजे मृत्यू झाला हे सांगणारा कागद नाही, म्हणजे नोंद नाही. सात वर्षं ज्याची खबर ज्यांना मिळायला हवी त्यांना मिळाली नाही तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते, पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १११ मध्ये. मग दिवाणी कोर्टातून तसं जाहीर करून घ्यायचं आणि त्यावर नोंद. तळियेला २२ जुलै २०२१ ला दरड आली, इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ ला, तिथे शोध थांबवल्यावर बेपत्ता लोकांना मृत धरायचा निर्णय शासनाच्या पातळीवर झाला, पण समुद्रात एकट्या गेलेल्या माणसासाठी असं आपोआप होत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचे कागद जपा. सागरी पोलीस ठाण्यातली तक्रार, तांडेलाचा (होडीवरच्या म्होरक्याचा) आणि बरोबरच्या खलाशांचा जबाब, मत्स्यव्यवसाय खात्याला दिलेलं पत्र, मच्छीमार सोसायटीचं पत्र, सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये घालून ट्रंकेत. सात वर्षांनी ते खलाशी कुठे असतील सांगता येत नाही, जबाब तेवढा राहतो. मच्छीमारांच्या गट अपघात विम्याचं पण तेव्हाच सोसायटीत विचारून ठेवा. प्रेत दुसऱ्या तालुक्याच्या किनाऱ्याला लागलं तर तिथले पोलीस पंचनामा करतात आणि नोंद तिकडेच होते, गावच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नका.

आखातात वारलेल्यांचं थोडक्यात, तिथल्या सरकारचा दाखला आणि आपल्या दूतावासातली नोंद हेच दोन कागद, मयत गावच्या कब्रस्तानात दफन केली तरी ग्रामपंचायत नोंद घेऊ शकत नाही.

आता आजोबा. इथे दाखला मागायच्या आधी साल नक्की करायला लागतं कारण रजिस्टर सालाप्रमाणे असतात आणि शोधायची फी पण सालाप्रमाणे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, त्यांना आठवणार नाही, त्यांना विचारा की कोयनेचा भूकंप झाला तेव्हा होते का. तो १९६७ चा डिसेंबर. रामदास बोट बुडाली तेव्हा? ती १७ जुलै १९४७. फयान वादळ म्हटलं तर नोव्हेंबर २००९. एका आजीने मला पडवीत बसल्या बसल्या सांगितलं होतं, भूकंपाच्या वेळी सासऱ्यांना उचलून खळ्यात आणलं होतं आणि त्याच्या पुढच्या शिमग्याला ते गेले. म्हणजे १९६८ चा मार्च. रजिस्टर काढलं, पानं दमटपणाने एकमेकाला चिकटलेली, कडेला कसर लागलेली, चाकूच्या पात्याने हळूहळू सोडवली, आणि चौथ्या पानावर नाव होतं, जांभळ्या शाईत.

ग्रामपंचायतीत नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ बघा, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जुने जन्म-मृत्यू आहेत, फार जुनं असेल तर मोडी लिपीत असतं, मोडी वाचणारा शोधायला लागेल. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी ही दप्तरं बऱ्याच ठिकाणी उघडली गेली, त्यातल्या कुणबी नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाईटवर आल्यात, घरबसल्या एकदा बघून घ्या. कुठेच सापडलं नाही तर निबंधकाकडून नमुना १० घ्या, म्हणजे नोंद आढळत नाही असं प्रमाणपत्र. लोकांना वाटतं हे काय कामाचं, पण पुढची प्रत्येक पायरी, मग दंडाधिकाऱ्याचा आदेश असो की कोर्टाचं वारस प्रमाणपत्र, याच कागदावरून सुरू होते. त्याला जोड म्हणून आजोबांनंतर घरपट्टी कोणाच्या नावाने झाली तो उतारा, जुना फेरफार, चर्चचं किंवा जमातीचं दफनाचं रजिस्टर, पोलीस पाटलाचा जबाब. मंडळ अधिकारी जुन्या मृत्यूला यातलं काय मानणार ते आधी विचारून घ्या, उगाच खर्च नको. आणि भाऊबंदांना आधी भेटा. सामाईक सातबाऱ्यात एकाने जरी हरकत घेतली तर दाखला असून वारस नोंद अडकते.

वडिलांचा दाखला हातात आला की तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज लगेच टाका, तीन महिन्यांत कळवायचं असतं, महसूल खात्याच्या ई-हक्क वेबसाईटवरून ऑनलाईन पण होतो. दाखला द्यायला कोणी रेंगाळत असेल तर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सेवांचा फलक असतो, फी आणि मुदत लिहिलेली असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदत टळली की वर अपील करता येतं. फलकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तुमचं आजचं काम मात्र एवढंच, आईला फोन करून त्या पहाटेचं सगळं नीट विचारा, ग्रामसेवकाचा वार विचारा, आणि वडिलांचं आधार, पासबुक, स्वतःचं आधार घेऊन निघा. आधी तालुक्याला उतरून हॉस्पिटलातला केसपेपर घ्या, मग गावाला जा. उलटं केलंत तर एक दिवस फुकट जाईल.